मक्याचा चौरंग

आमच्या घराण्याचा मान वाळवीने खाल्ला, ही बातमी भागोजीने मला फोनवर दिली. त्याच्या आवाजात दुःख कुठे आहे का, हे मी बराच वेळ शोधलं. सापडलं नाही.

भागोजी माझा चुलत चुलत भाऊ. म्हणजे लग्नपत्रिकेत नाव घालण्याइतका जवळचा नाही, पण भांडण्यापुरता पुरेसा जवळचा. तो गावात असतो, मी महाडात. आम्हा दोघांच्या मधे नाते नावाचं गाव आहे. त्याखेरीज नात्याचं म्हणावं असं फारसं काही नाही. मानाची गोष्ट अशी, की शिमग्यात ग्रामदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे गावच्या पालखीच्या ओट्यावरून, उठली की सगळ्यात आधी आमच्या अंगणात येते आणि आमच्या चौरंगावर टेकते. तिथे गुरव गाऱ्हाणं घालतो, ओटी भरली जाते, आणि मग देवी बाकीच्या गावात फिरायला मोकळी होते. पहिला चौरंग आमचाच का, हे कोणालाच माहीत नाही. आमचे आजोबा म्हणायचे, महाराजांच्या काळापासून चालत आलंय. आमच्या तालुक्यात ज्या गोष्टीचं कारण कोणाला ठाऊक नसतं ती महाराजांच्या काळापासून चालत आलेली असते.

"मास्तर, चौरंग उचलाया गेलो, तर पाय जमिनीवरच ऱ्हायले नि फली माज्या हातात आली," भागोजी सांगत होता. "निस्ता भुसा रे. प्रयागकाकी रडते हाय."

प्रयागकाकी ही माझी सख्खी काकी. गावचं घर आणि चौरंग, दोन्ही तिच्या ताब्यात.

"रडायचं काय त्यात? नवा करून घेऊ," मी म्हणालो.

"करशील रे. पन करनार कोन? सुतार माज्याकडं हाय ना. शिमगा होईपातुर. पलंग करतोय."

"शिमगा होईपर्यंत एक पलंग?"

"नक्षी हाय," भागोजी म्हणाला. मग आवाज खाली आणून, रुग्णाच्या नातेवाइकाशी डॉक्टर बोलतो तसं म्हणाला, "तुला नाय जमलं तर काळजी करू नको. माज्याकडं सागवानी चौरंग तयार हाय. देवीला काय, हिथं टेकली काय नि तिथं टेकली काय."

मी महाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मानपान हा सरंजामशाहीचा उरलेला गाळ आहे, असं मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना सांगतो आणि ती दरवर्षी लिहून घेतात. तो गाळ भागोजीच्या अंगणात जाऊन पडणार, हे कळल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. पुढच्याच रविवारी गावकीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चौरंग आमच्याच घरचा येईल. आणि असा येईल, की उभ्या रायगड जिल्ह्यात तसा दुसरा नसेल."

मनुष्य उभा राहून बोलतो तेव्हा त्याची अक्कल बसलेली असते. बैठकीत असं एक वाक्य बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. महाडात दुसरे सुतार नव्हते असंही नाही. पण "तसा दुसरा नसेल" असं म्हणून बसल्यावर बाजारपेठेतल्या कुठल्याही सुताराकडचा कुठलाही चौरंग हा "तसा दुसरा" होता. आणि नेमक्या याच सुमाराला माझा मेहुणा आमोद आमच्याकडे राहायला आला.

आमोद पुण्याचा इंजिनीअर. दोन हजार नऊच्या दिवाळीत त्याने नोकरी सोडली आणि एक व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. त्यावर फर्निचर, लाइटिंग आणि आर्ट असे तीन शब्द होते आणि त्यांच्याखाली भरपूर मोकळी जागा होती. ती मोकळी जागा म्हणजेच डिझाइन, असं त्याने मला समजावलं. पुण्यात आई-वडिलांना हे डिझाइन बघवेना, म्हणून तो मोकळ्या हवेत काम करायला बहिणीकडे आला. मोकळ्या हवेसाठी महाडला येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. एमआयडीसीच्या बाजूने वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो.

सोबत त्याने अमेरिकेहून सुट्या भागांत मागवून स्वतः जुळवलेलं एक यंत्र आणलं होतं. थ्रीडी प्रिंटर. नाव ऐकून माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत आलं होतं. प्रत्यक्षात निघाली प्लायवुडची पेटी, आमच्या देव्हाऱ्याएवढी. आत एक नळी. एका बाजूने कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी प्लास्टिकची तार आत जायची, नळीत वितळायची आणि खाली बारीक धार होऊन थरावर थर देत बसायची. गावात सुतार बसलेला असताना लाकडी यंत्राने प्लास्टिकचा चौरंग करायचा, याला आमोद "भविष्य" म्हणत होता.

शेजारच्या गोदावरीकाकू, निवृत्त मुख्याध्यापिका, यंत्र बघायला आल्या. चष्मा वर करून त्यांनी धार पाहिली आणि निकाल दिला, "हा तर सोऱ्या आहे. कुरडया घालतोय."

"काकू, ही अ‍ॅडिटिव्ह प्रोसेस आहे," आमोद म्हणाला.

"कुरडया पण अ‍ॅडिटिव्हच असतात. उन्हात ठेव म्हणजे कडक होतील."

हा सल्ला आम्ही पुढे अजाणता पाळला. त्याची फळं योग्य जागी सांगेन.

चौरंगाची कल्पना अस्मिताची, म्हणजे माझ्या पत्नीची. तिच्या मनात भाऊ कामाला लागावा आणि नवरा गप्प व्हावा असा दुहेरी हेतू होता. आमोदने चौरंग हा शब्द ऐकला आणि डोळे मिटले. "भाऊजी, चौरंग ही आपल्याकडची सगळ्यात प्युअर फॉर्म आहे. पण तो फार सॉलिड आहे. त्याला श्वास घेता आला पाहिजे."

"देवीची पालखी आणि तिच्यातले नारळ धरून तो उभा राहिला पाहिजे," मी म्हणालो. "श्वास सावकाश घेऊ दे."

दोन दिवस कॉम्प्युटरवर बसून त्याने जे काढलं, ते मुंग्यांच्या वारुळाला कुणी चार पाय लावावेत तसं दिसत होतं. सगळीकडे भोकं. वाळवीने खाल्लेल्या चौरंगाला पर्याय म्हणून आम्ही वाळवीने आधीच खाल्लेला चौरंग करत होतो. शिवाय त्या यंत्रातून एका वेळी निघायचा तो तुकडा जेमतेम पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढा. म्हणजे अनेक तुकडे काढायचे, ते चिकटवायचे, घासायचे. एकेका तुकड्याला निम्मा दिवस. त्या निम्म्या दिवसात वीज गेली की तुकडा फुकट. पुन्हा पहिल्या थरापासून.

आणि वीज जायची. त्या वर्षांत भारनियमन ही आमच्याकडे ऋतूसारखी गोष्ट होती, फक्त जास्त नियमित. इन्व्हर्टर होता, पण त्याने टीव्ही आणि दोन पंखे सांभाळायचा शब्द दिला होता, भविष्य सांभाळायचा नाही. घरभर अर्धवट चौरंगाचे अवशेष साचायला लागले. एक तुकडा अस्मिताने साबण ठेवायला घेतला, दोन गोदावरीकाकूंनी उदबत्त्या लावायला नेले. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. काकू परत आल्या.

"आमोद, हे प्लास्टिक कशाचं रे? उदबत्ती टेकली तर भाजक्या कणसाचा वास येतोय."

"मक्याचंच आहे काकू! मक्याच्या स्टार्चपासून बनवतात. बायो आहे. पूर्ण ऑरगॅनिक."

काकूंनी हातातला तुकडा टेबलावर ठेवला. "आज मला उपास आहे. धान्य चालत नाही. आधी सांगायला नको?"

या संभाषणाकडे मी तेव्हा एक प्रौढ, विवेकी माणूस म्हणून दुर्लक्ष केलं. विवेकी माणसाचं नेहमी चुकतं ते इथेच.

भारनियमनावर उपाय म्हणून मी विजेच्या ऑफिसात गेलो. कारखान्यांना वीज अखंड मिळते, हे मला माहीत होतं. तिथल्या साहेबांनी यंत्राचं वर्णन शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वापर घरगुती की व्यावसायिक?"

"देवीचा चौरंग करतोय."

"म्हणजे धार्मिक. धार्मिकला मंडपाची तात्पुरती जोडणी मिळते. पण तुमच्याकडे यंत्र आहे. म्हणजे लघुउद्योग. धंद्याचा दाखला आणा."

दाखल्यासाठी मी दुसऱ्या ऑफिसात गेलो. कुठलं ते सांगत नाही. महाडकरांना कळेल आणि इतरांना उपयोग नाही. तिथल्या भाऊसाहेबांनी कपाटातून अर्ज काढला, झटकला, आणि विचारलं, "धंदा काय?"

"प्रिंटिंग," मी म्हणालो. आमोदने मला हाच शब्द शिकवला होता.

"छापखाना." त्यांनी तो अर्ज परत ठेवून दुसरा काढला. "छापखान्याला घोषणापत्र लागतं. काय छापणार?"

"चौरंग."

त्यांनी लिहिलं. वळणदार अक्षर होतं. "नाव चांगलं आहे. साप्ताहिक, पाक्षिक की मासिक?"

मी त्यांना समजावून सांगितलं. यंत्र, धार, थर, पालखी, वाळवी, भागोजी, सगळं. त्यांनी पेनाचं टोपण लावून सगळं ऐकून घेतलं. मग टोपण काढून म्हणाले, "ते ठीक आहे हो सर. पण नियतकालिकता लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. दिवाळी अंक काढणार का?"

मी अर्ज तसाच ठेवून आलो. सुशिक्षित माणसाला सरकारी कचेरीत जो अपमान वाटतो, त्याचं मूळ असं आहे की समोरचा माणूस त्याचा अपमान करत नसतो.

मग आम्ही वीज असेल तेव्हा छापायचं आणि नसेल तेव्हा चिकटवायचं, असं ठरवलं. मी कॉलेजातून रजा काढली. कारण लिहिलं, "घरगुती धार्मिक कार्य". प्राचार्यांनी सांत्वन केलं.

मधल्या काळात आमोदने लाइटिंगही करून पाहिलं. एक दिवा केला. त्याचं नाव "मेघ". पोलादपूरला हायवेवर त्याच्या मित्राच्या ओळखीचं हॉटेल होतं. महाबळेश्वरला जाणारे पर्यटक तिथे थांबतात, ते दिवा बघून वेडे होतील, असा आमोदचा हिशेब. मालकाने फुकट म्हटल्यावर गल्ल्याच्या वर मेघ टांगून घेतला आणि आत घरचाच पिवळा शंभराचा बल्ब लावला. दोन दिवसांनी फोन आला.

"ओ सायेब, तुमचा दिवा खाली येतोय."

"दोरी सैल झाली असेल," आमोद म्हणाला.

"दोरी जाग्यावर हाय. दिवाच येतोय. काल कपाळापर्यंत व्हता, आज नाकाला लागतोय. गिऱ्हाईक म्हनतंय, दिवा नमस्कार करतोय."

आम्ही गाडी काढून पोलादपूरला गेलो. मेघ खरोखर बरसायच्या बेतात होता. पिकलेल्या कारल्यासारखा लांबून तो गल्ल्यावर लोंबत होता आणि मालक मान वाकडी करून पैसे मोजत होता. आमोदने दिवा उतरवला, हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग. हे मटेरियल उष्णतेला रिस्पॉन्ड करतं."

"चौरंगाचं काय?" मी विचारलं.

"चौरंगात बल्ब कुठे असतो, भाऊजी?"

हे मला पटलं. परत येताना कशेडी घाटातून आलेल्या ट्रकांच्या मागे आम्ही चाललो होतो, काचा तापल्या होत्या, मागच्या सीटवर मेघ आणखी लांब होत होता, आणि तरीही मला हे पटलं. यावरून माणूस मानासाठी कुठवर जातो ते समजावं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी चौरंग उभा राहिला. पांढरा, भोकाभोकांचा, सांध्यांवर एम-सीलचे करडे ओघळ. गोदावरीकाकूंनी त्यावर तळहात दाबून पाहिला आणि "खाली लोखंडी पट्टी मारा" असा सल्ला दिला. आमोदला तो डिझाइनचा खून वाटला. मी त्यावर अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं रचली. चौरंग हलला नाही. एवढं वजन माझ्या विद्यार्थ्यांनी कधी पेललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. चौरंग मागे, काचा वर. धूळ बसू नये म्हणून. नाते गावात अस्मिताला चहा हवा होता. गाडी उन्हात उभी केली. चहाबरोबर भजी आली, भज्यांबरोबर आमोदचं भविष्यावरचं व्याख्यान आलं. परत येऊन मी मागचं दार उघडलं.

चौरंग बसला होता. म्हणजे शब्दशः बसला होता. चारी पाय चार दिशांना पसरून, पोट गाडीच्या तळाला टेकवून, उन्हात दमलेल्या कुत्र्यासारखा.

अस्मिता म्हणाली, "आमोद." एवढंच म्हणाली.

"पॅनिक होऊ नका. जे गरम झाल्यावर वाकतं, ते गरम असतानाच सरळ होतं," आमोद म्हणाला आणि धावत जाऊन चहावाल्याकडून उकळत्या पाण्याची किटली घेऊन आला. हमरस्त्यावर, रायगड बघायला निघालेल्या दोन बसगाड्यांच्या देखत, मी चौरंग उलटा धरला आणि माझ्या मेहुण्याने त्याच्या पायांवर किटली ओतली. गर्दी जमली.

"चौरंगाला च्या पाजताव काय?" चहावाल्याने विचारलं.

"आमच्याकडं म्हशीचा पाय मुरगळला की निरगुडी बांधतात," आणखी कुणी सुचवलं. "पाल्याचा शेक द्या."

तीन पाय बऱ्यापैकी सरळ झाले. चौथा घाईत उलट्या बाजूला वळला आणि तसाच थंड झाला. आता चौरंग एक पाय पुढे टाकून कुठेतरी निघाल्यासारखा दिसत होता. मलाही त्याच्याबरोबर जावंसं वाटलं.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सहाणेवर खालूबाजा सुरू झाला होता. आमच्या अंगणात सारवण झालं होतं, रांगोळी होती, आणि रांगोळीच्या मधोमध चौरंगाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेपासून हाताच्या अंतरावर, म्हणजे कुणालाही दिसेल पण कुणाला बोलता येणार नाही अशा बेताने, भागोजीचा सागवानी चौरंग भिंतीला टेकवून ठेवला होता. पॉलिश केलेला. नक्षी होती.

"हिथं ठेवलाय निस्ता," भागोजी म्हणाला. "सावलीला."

प्रयागकाकीने माझा हात धरला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "शरू, लगीन होऊन ह्या घरात आले तवापास्नं देवी पयली माज्या दारात टेकते रे. तुजा काका गेला त्या साली पन टेकली. औंदा ती भागोजीच्या फलीवर टेकली, तर मी वर जाऊन काय सांगू?"

सरंजामशाहीच्या गाळावर माझी बरीच टिपणं आहेत. त्यातलं एकही मला आठवेना. मी गाडीतून चौरंग काढला आणि रांगोळीत ठेवला.

वाजंत्री सोडून सगळं गाव चौरंगाभोवती गोळा झालं. मुंबईहून आलेल्या एकाने मोबाइलवर फोटो काढला. काकीने चौरंगाभोवती एक फेरी मारली. मग घरात गेली, आपलं लग्नातलं हिरवं लुगडं घेऊन आली आणि घडी घालून चौरंगावर पसरलं. भोकं झाकली, ओघळ झाकले, पुढे टाकलेला पाय झाकला. "हां," ती म्हणाली. "आता हाय तसा हाय."

भागोजीने लुगड्याचा काठ दोन बोटांनी उचलला. "कुशाबा, ह्ये बग. पिलास्टिक हाय. देवीला पिलास्टिकवर बशिवनार?"

कुशाबा म्हणजे गुरव. पालखीसोबत अंगणात शिरतच होता. पालखी खांद्यांवर, खांदे घामाने निथळलेले, आणि सगळ्यांची तोंडं कुशाबाकडे. काकीने डोळे मिटून घेतले.

"प्लास्टिक नाही!" आमोद पुढे झाला. गेले कित्येक आठवडे तो श्रोत्यांची वाट बघत होता. "काका, हे मक्यापासून केलंय. शंभर टक्के मका. धान्य आहे हे धान्य!"

"मका?" भागोजी क्षणभर अडखळला, मग त्याचा चेहरा उजळला. "आयकलंत का? अन्नाला पाय लावू नये म्हनतात. ह्येंनी अन्नालाच पाय बशिवलेत! देवीला अन्नावर बशिवनार!"

अंगणात कुजबुज झाली. गोदावरीकाकूंची संकष्टी मला आठवली. मी आमोदचा दंड धरला, पण जे बोलायचं ते तो बोलून बसला होता.

कुशाबा चौरंगापाशी आला. वाकला. लुगडं बाजूला करून नखाने खरवडलं, नखाचा वास घेतला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "घट कशावर मांडतो आपन?"

त्याने अंगणभर नजर फिरवली आणि ती भागोजीवर आणून थांबवली.

"भागोजी, तुला इचारतो. नवरात्रात घट कशावर मांडतो? कलश कशावर ठेवतो?"

"धान्याच्या राशीवर," भागोजी म्हणाला. त्याला म्हणावं लागलं.

"मंग? देवाचं आसन धान्याचंच. लाकूड आपल्या गरिबीमुळं. आतापातुर कुनाची ऐपत नव्हती, आज मास्तरानं केलं." त्याने हात वर केला. "टेकवा!"

पालखी टेकली. चौरंगातून एक बारीक आवाज आला, गुडघेदुखीच्या माणसाने खाली बसताना काढावा तसा. पुढे टाकलेला पाय बोटभर आणखी पुढे सरकला. मी श्वास धरला. आमोदनेही धरला, श्वास फक्त चौरंग घेत होता. मग तो थांबला. उन्हं गेली होती, माती गार होती, चौरंग तिथे घट्ट झाला. कुशाबाने गाऱ्हाणं घातलं, काकीने ओटी भरली, आणि रडली, पण ते वेगळं रडणं होतं. मी भागोजीकडे पाहिलं. इतकं निखळ सुख मला पीएचडी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

ते पालखी उचलेपर्यंत टिकलं.

पालखी पुढच्या घरी निघाली. कुशाबाने लुगड्याची घडी करून काकीच्या हातात दिली आणि चौरंग उचलून काखेत मारला.

"अहो, कुशाबा!" मी म्हणालो. "चौरंग कुठे नेता?"

"घरी." त्याला प्रश्न कळला नसावा. "घटाखालचं धान्य कुनाचं असतं, मास्तर?"

कुणाचं असतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. गुरवाचं.

"पण... पुढच्या वर्षी?"

"पुढल्या साली नवं. जुनं धान्य देवीला चालत नाय."

"पुढच्या वर्षी आपण लाकडाचाच करू की," मी घाईने म्हणालो. "साधा. सागवानी."

कुशाबाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "एकदा धान्याच्या आसनावर बसली, आता लाकडावर कशी बसवायची? पायरी उतरवल्यागत व्हईल. देवी काय म्हनंल?"

भागोजी त्याचा सागवानी चौरंग उचलून माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसात पहिल्यांदाच तो मनापासून आनंदात होता.

"मान तुजाच, मास्तर. पोरानातवंडापातुर तुजाच. माजा आपला बिचारा लाकडाचा हाय. त्यावर आमी जेवू."

पुढचं थोडक्यात. कुशाबाने आपला हक्काचा मका दळायला नाते गावच्या गिरणीत नेला. गिरणीवाल्याने जातं बिघडेल म्हणून परत पाठवला. आता त्यावर त्याच्या कोंबड्या बसतात. चौरंगाचा फोटो आमोदच्या वेबसाइटवर "टेंपल सीरिज" या नावाने झळकला, त्यावरून त्याला बंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि तो ऑफिसच्या खुर्च्या विकायला निघून गेला. यंत्र आमच्याकडेच आहे. "ताई, जपून ठेव, भाऊजींना लागेल," असं तो सांगून गेला. हे त्याचं एकच भाकीत खरं ठरलं.

काकी फोनवर विचारते, "पेरा केलास काय रे, शरू?" आणि गोदावरीकाकूंनी मला सोऱ्या चालवायचा अनुभव आहे का, अशी चौकशी केली.

परवा मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. भाऊसाहेबांनी ओळखलं. माझा अर्ज अजून त्यांच्याकडेच होता; नियतकालिकतेच्या रकान्यापाशी अडलेला. त्यांनी तो झटकला, पेनाचं टोपण काढलं.

"हां सर, 'चौरंग'. काय ठरलं? साप्ताहिक, पाक्षिक की मासिक?"

"वार्षिक," मी म्हणालो. "फक्त शिमगा विशेषांक."